विद्यार्थिनींसाठी व्यायामाचे पहिले बारा आठवडे : आधी तंदुरुस्ती, मग वजन

नवे सत्र सुरू झाले की व्यायामाचा निश्चय करणाऱ्या विद्यार्थिनी पुष्कळ असतात आणि पहिली चाचणी परीक्षा येईपर्यंत तो निश्चय बारगळलेल्याही पुष्कळ असतात. यात आळसापेक्षा आखणीचा दोष मोठा असतो. पहिल्याच आठवड्यापासून रोज तासभर धावायचे, जेवण निम्म्यावर आणायचे आणि रोज सकाळी वजनकाट्यावर उभे राहायचे, ही आखणी प्रात्यक्षिके, प्रकल्प आणि जागरणे यांच्यापुढे तग धरू शकत नाही. पुढे दिलेला क्रम बारा आठवड्यांचा असून तो मुद्दाम संथ ठेवला आहे. त्यात वजनाला दुसरे स्थान दिले आहे, कारण दम, ताकद आणि झोप यांतला फरक काही आठवड्यांतच जाणवू लागतो, तर वजन सावकाश हलते, मधेच अडते आणि महिन्यातले काही दिवस विनाकारण वरही जाते. केवळ काट्याच्या भरवशावर सुरुवात करणारी मुलगी नेमकी त्याच दिवसांत सोडून देते.

पहिली पायरी : सुरुवातीआधीची चौकशी

हृदयाचा आजार, दमा, मधुमेह, थायरॉइडचा विकार, सांध्यांची जुनी दुखापत यांपैकी काही असेल, श्रम करताना छातीत दुखत असेल किंवा कधी भोवळ आली असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. बाकीच्यांनी बेताच्या वेगाने चालायला लागण्यासाठी कोणत्याही तपासणीची वाट पाहण्याचे कारण नाही.

मात्र एक तपासणी या वयातल्या मुलींनी जरूर करून घ्यावी, ती म्हणजे हिमोग्लोबिनची. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल आणि आहारात लोह कमी पडत असेल, तर रक्तक्षय होतो. गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजला जातो. एक मजला चढून धाप लागणे, सतत गळून गेल्यासारखे वाटणे, व्यायामाचे दिवस वाढूनही दम न वाढणे ही त्याची लक्षणे असू शकतात. अशा मुलीला ‘अजून जोर लाव’ असा सल्ला देणे म्हणजे तिच्यावर अन्याय आहे. तिला आधी उपचारांची गरज असते.

वजन खरोखर कमी करायचे आहे का, हेही याच टप्प्यावर ठरवावे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. उंची १.५८ मीटर आणि वजन ६० किलो असेल तर तो सुमारे २४ येतो. सर्वसाधारण निकषानुसार १८.५ ते २४.९ हे प्रमाण योग्य मानले जाते, पण आशियाई वंशाच्या लोकांमध्ये मधुमेह व हृदयविकाराचा धोका कमी वजनालाच वाढू लागत असल्यामुळे २३ पासूनच सावध राहण्याची शिफारस केली जाते. बीएमआयला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही, म्हणून त्याच्या जोडीला कमरेचा घेर पाहावा. तो उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असणे चांगले. ज्यांचा बीएमआय १८.५ च्या खाली आहे, त्यांनी वजन घटवण्याचा विचार पूर्णपणे बाजूला ठेवावा आणि ताकदीच्या व्यायामावर व पुरेशा आहारावर भर द्यावा. आरशासमोर स्वतःला जाड वाटणे हा निकष नव्हे.

दुसरी पायरी : चार नोंदी

वहीच्या एका पानावर चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. पहिली, सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच मोजलेली मिनिटाची नाडी. दुसरी, बारा मिनिटांत कापलेले अंतर. ही चाचणी केनेथ कूपर या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ साली प्रसिद्ध केली. मूळ चाचणीत जमेल तितके धावायचे असते, परंतु नवख्या मुलीने ती झपझप चालून केली तरी चालते. फक्त पुढच्या वेळी तेच मैदान आणि तीच पद्धत हवी. तिसरी, हात छातीवर बांधून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभे राहता येते ती संख्या. चौथी, कमरेचा घेर, जो शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडल्यानंतर मोजावा.

वजन नोंदवायचेच असेल तर आठवड्यातून एकदा, सकाळी, काही खाण्यापूर्वी नोंदवावे. पाळी येण्याच्या आधीच्या दिवसांत अनेकींच्या शरीरात पाणी साठते आणि एक ते दोन किलोपर्यंत वाढ दिसू शकते. ती चरबी नसते आणि पाळी सुरू झाल्यावर आपोआप उतरते. त्यामुळे या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करण्यापेक्षा मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच टप्प्याशी करणे अधिक खरे ठरते.

तिसरी पायरी : चालण्यापासून धावण्यापर्यंत

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार १८ ते ६४ वयाच्या व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. हा आकडा पोहोचायचे ठिकाण दाखवतो. पहिल्याच आठवड्यात तो गाठला पाहिजे, असा त्याचा अर्थ नाही.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस २० मिनिटे झपझप चालावे. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात तेच चार दिवस ठेवून वेळ ३० मिनिटे करावा. पाचव्या आठवड्यापासून पाचवा दिवस जोडला की १५० मिनिटे भरतात. याच सुमारास, सांधे दुखत नसतील तर, दोन दिवस थोडे धावणे मिसळावे : पाच मिनिटे चालून अंग गरम करावे, मग एक मिनिट हलके धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे सहा-सात फेरे करावेत आणि शेवटी पाच मिनिटे सावकाश चालून थांबावे. नवव्या आठवड्यापर्यंत तीन मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे इथवर अनेकजणी पोहोचतात. ज्यांना धावणे आवडत नाही किंवा वजनामुळे गुडघ्यांवर ताण येतो, त्यांनी सायकल, पोहणे किंवा चढाचा रस्ता निवडावा. हृदयाला आणि फुप्फुसांना काम मिळाले म्हणजे झाले. उत्साहाच्या भरात एकाच आठवड्यात अंतर दुप्पट करणाऱ्यांच्या नडगीला दुखणे लागते आणि मग पुढचे काही आठवडे सक्तीची विश्रांती घ्यावी लागते, म्हणून वाढ थोडीथोडीच असावी.

वेग ठरवण्यासाठी घड्याळापेक्षा बोलणे जास्त उपयोगी पडते. मध्यम व्यायामात सलग वाक्य बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. जोरकस व्यायामात चार-पाच शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. नाडी मोजायची असल्यास २२० मधून वय वजा करावे. वीस वर्षांच्या मुलीसाठी ही कमाल २०० येते आणि तिच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे साधारण १२८ ते १५२ ठोके, हा मध्यम व्यायामाचा पट्टा होय. हे सूत्र सरासरीवरून काढलेले असल्याने प्रत्यक्षात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. मनगटावरचे घड्याळ वेगळे सांगत असेल आणि बोलणे सहज जमत असेल, तर बोलण्यावर विश्वास ठेवावा.

चौथी पायरी : ताकद, जी बहुतेकजणी वगळतात

वजन कमी करायचे म्हणजे ट्रेडमिल, ही समजूत इतकी पक्की आहे की ताकदीच्या व्यायामाचा विषय निघाला की ‘दंड पुरुषी दिसतील’ ही भीती लगेच पुढे येते. स्त्रीच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या स्नायू वाढवणाऱ्या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण पुरुषाच्या मानाने फारच थोडे असते, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीन वेळा केलेल्या व्यायामाने तसे स्नायू तयार होत नाहीत. ज्यांचे होतात त्यांनी त्यासाठी कित्येक वर्षे जड वजने आणि काटेकोर आहार सांभाळलेला असतो. उलट, कमी खाऊन फक्त चालत-धावत राहिल्यास चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि ते जपायला ताकदीचा व्यायाम व पुरेशी प्रथिने लागतात. शिवाय हाडांची घनता साधारणपणे विशी संपेपर्यंतच कमावता येते. त्यानंतर ती फक्त राखायची असते, तेव्हा विद्यापीठातली ही वर्षे त्या दृष्टीने फार मोलाची आहेत.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, अर्धा तास पुरेसा होतो. वसतिगृहाच्या खोलीत एक भक्कम खुर्ची, एक टेबल आणि पुस्तकांनी भरलेली पिशवी एवढे साहित्य असले की सुरुवात होते.

सर्वांत आधी खुर्चीवरचा स्क्वॉट शिकावा. खुर्ची भिंतीला टेकवून तिच्यासमोर पाठ करून उभे राहावे, पावले खांद्यांइतकी लांब आणि बोटे किंचित बाहेर वळलेली असावीत. आधी कंबर मागे न्यावी, मग गुडघे वाकवावेत आणि तीन आकडे मोजत खाली यावे. नवख्या मुलीची चूक बहुधा शेवटच्या वीतभर अंतरात होते : तोल सुटून ती धपकन बसते किंवा दोन्ही गुडघे आत एकमेकांकडे झुकतात. त्यासाठी गुडघे पायाच्या मधल्या बोटाच्या दिशेने ठेवावेत, खुर्चीला जेमतेम स्पर्श करावा आणि पूर्ण तळव्यावर जोर देऊन वर यावे. टाचा उचलल्या जात असतील तर खुर्चीवर एखादे जाड पुस्तक ठेवून उंची वाढवावी. अशी आठ ते दहा आवर्तने सलग, न डगमगता झाली की पुस्तक काढावे. मग खुर्चीच बाजूला करावी. त्यानंतर पुस्तकांची पिशवी छातीशी धरावी. भार वाढवण्याचा हा क्रम पुढच्या प्रत्येक व्यायामाला लागू आहे.

पुश-अपची सुरुवात जमिनीवरून करू नये. भिंतीवर हात टेकवून बारा आवर्तने जमली की टेबलाच्या कडेवर यावे, मग खुर्चीच्या बैठकीवर आणि शेवटी जमिनीवर. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका रेषेत राहावे आणि कोपरे बाजूला फाकण्याऐवजी थोडी मागे वळावीत. पाठीसाठी एक हात टेबलावर टेकवून, कमरेतून पुढे वाकून, दुसऱ्या हाताने पिशवी कमरेच्या दिशेने ओढावी. दिवसभर पुस्तकावर किंवा पडद्यावर वाकून बसणाऱ्या मुलींनी हा प्रकार कधीही वगळू नये. याखेरीज पाठीवर झोपून, पाय दुमडून कंबर वर उचलणे आणि प्लँक धरणे, म्हणजे कोपरांवर व पायांच्या बोटांवर अंग सरळ रेषेत तोलून धरणे, एवढ्यावर पहिले बारा आठवडे भागते.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाचा एकच संच, म्हणजे सलग आवर्तनांची एक खेप, करावा, दुसऱ्यापासून दोन आणि पाचव्यापासून तीन. प्रत्येक संच, आणखी दोन-तीन आवर्तने झाली असती असे वाटत असतानाच थांबवावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू दुखणे स्वाभाविक आहे आणि ते साधारण तीन दिवसांत ओसरते. पण सांध्यात टोचल्यासारखी कळ येणे वेगळे. तेव्हा तो व्यायाम थांबवावा. अतिश्रमानंतर स्नायू सुजून असह्य दुखत असतील आणि लघवी काळपट तपकिरी होत असेल, तर तातडीने रुग्णालयात जावे. पहिल्याच दिवशी शंभर-दोनशे बैठकांची पैज लावणाऱ्यांवर ही वेळ येऊ शकते.

पाचवी पायरी : वजनाचा जमाखर्च

साठ किलो वजनाच्या मुलीने अर्धा तास झपझप चालले तर सुमारे १०० ते १२० किलोकॅलरी खर्च होतात. गोड शीतपेयाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण २०० असतात. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात असे धरले, तर आठवड्यातून पाच दिवस चालून, आहार जसाच्या तसा ठेवून, एक किलो उतरायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागेल. हा हिशेब निराश करण्यासाठी मांडलेला नाही. केवळ व्यायामावर वजनाचा सगळा भार टाकू नये, एवढेच त्यातून घ्यायचे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननेही २००९ साली असेच म्हटले होते : आठवड्याला १५० ते २५० मिनिटांच्या व्यायामाने वजन वाढणे थांबते आणि घट माफक होते, लक्षणीय घटीसाठी २५० मिनिटांच्या पुढे जावे लागते.

म्हणून आहारात रोज ३०० ते ५०० किलोकॅलरींची कपात करावी, आणि ती प्रामुख्याने गोड पेये, तळलेले पदार्थ व रात्री जागताना नकळत होणारे खाणे यांतून करावी. जेवण टाळू नये. प्रथिने शरीराच्या दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम असावीत, म्हणजे साठ किलोच्या मुलीसाठी दिवसाला सुमारे ७२ ते ९६ ग्रॅम. आठवड्याला पाव ते अर्धा किलो हा घटीचा वेग पुरेसा आहे. घाम काढणारे पट्टे आणि प्लॅस्टिकचे सूट यांनी फक्त पाणी जाते, जे पुढच्या पेल्याबरोबर परत येते. आणि पोटाच्या व्यायामांनी पोटाचे स्नायू बळकट होतात, तिथलीच चरबी निवडून वितळत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सकाळी व्यायाम केला म्हणून दिवसभर पलंगावर लोळणे आणि ‘आज चालून आले आहे’ म्हणून दुप्पट खाणे, या दोन्हींमुळे खर्च केलेले सगळे परत जमा होते. आठवडे लोटूनही कमरेचा घेर हलत नसेल, तर आधी इथे शोध घ्यावा.

पाळी आणि व्यायाम

पाळीच्या दिवसांत व्यायाम वर्ज्य नाही. पहिल्या-दुसऱ्या दिवशी पोटात कळा येत असतील तर वेग कमी करावा किंवा केवळ चालावे. नियमित व्यायामाने अनेकींच्या पाळीतील वेदना कमी होतात. पीसीओएस (पाळी अनियमित करणारा संप्रेरकांचा विकार) असलेल्या मुलींनी तर वजन हलले नाही तरी व्यायाम चालू ठेवावा, कारण त्याने इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारतो आणि तो लाभ काट्यावर दिसत नाही.

व्यायाम वाढवला, खाणे कमी केले आणि पाळी सलग तीन महिने आली नाही, तर त्याला ‘शरीर सवय करून घेत आहे’ असे समजू नये. खर्चाच्या मानाने अन्न अपुरे पडले की शरीर आधी प्रजननाचे काम आवरते घेते, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि हाडे कमकुवत होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली खेळाडूंमधील या अवस्थेकडे लक्ष वेधले, पण ती केवळ खेळाडूंनाच होते असे नाही. जेवल्यानंतर अपराधी वाटून धावायला जाणे किंवा एक दिवस चुकला की जेवण बंद करणे ही लक्षणे स्वतःत किंवा खोलीतल्या मैत्रिणीत दिसली, तर डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोलावे आणि वजनकाटा काही काळ नजरेआड ठेवावा.

कपडे, जागा आणि वेळ

खर्च करायचाच असेल तर तो पायांत नीट बसणाऱ्या बुटांवर आणि योग्य मापाच्या स्पोर्ट्‌स ब्रावर करावा. ढिल्या ब्रामुळे होणारा त्रास हे धावणे सोडण्याचे एक कारण असू शकते आणि ते कोणी उघडपणे सांगत नाही. अंधार पडल्यावर जायचे असेल तर वर्दळीची, उजेडाची वाट आणि सोबत निवडावी. व्यायामशाळेत पुरुषांच्या घोळक्यात अवघडल्यासारखे वाटत असेल, तर पहिले दोन महिने खोलीतच काढावेत. ताकदीची सुरुवात तिथेही तितकीच चांगली होते.

परीक्षेच्या काळात

परीक्षेच्या तीन-चार आठवड्यांसाठी वेगळा आराखडा आधीच ठरवून ठेवावा : आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटे ताकदीचे तेच व्यायाम, त्याच भाराने, फक्त संच कमी, आणि अभ्यासाच्या मधल्या सुटीत दहा-दहा मिनिटे भरभर चालणे. भार आणि वेग टिकवला तर कमावलेले राखायला थोडा वेळ पुरतो. या काळात वजन कमी करण्याचा हट्ट धरू नये आणि झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नये. अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि अभ्यासही लक्षात राहत नाही. ताप आला असेल तर पूर्ण विश्रांती घ्यावी. आठवडा-दीड आठवडा खंड पडल्यास मागच्या टप्प्यावर एक आठवडा काढून पुढे जावे, आणि महिन्यापेक्षा मोठा खंड असेल तर पाचव्या आठवड्याच्या आराखड्यापासून, पण एका संचाने, पुन्हा सुरुवात करावी.

बारा आठवड्यांनंतर

त्याच चार नोंदी पुन्हा घ्याव्यात आणि त्यांवरून पुढचे ठरवावे. बारा मिनिटांतले अंतर वाढले, खुर्चीची संख्या वाढली, पण घेर तसाच असेल, तर व्यायाम बरोबर चालला आहे आणि आहाराच्या नोंदी आठवडाभर लिहून पाहाव्यात. घेर कमी झाला आणि वजन स्थिर असेल, तर चरबीची जागा स्नायूंनी घेतली असण्याची शक्यता आहे आणि काहीच बदलण्याची गरज नाही. सगळे सुधारले असेल, तर आठवड्याची मिनिटे २०० ते २५० पर्यंत न्यावीत आणि पिशवीऐवजी डंबेल किंवा बारबेल शिकण्यासाठी प्रशिक्षकाकडे जावे. काहीच हलले नसेल आणि शिवाय थकवा वाढला असेल, तर व्यायाम आणखी वाढवण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे.